डाऊन गावची वाळूची वाट

लंडनला चिरंजीवांकडे दोन महिने राहावयास निघालो, तेव्हा सामानात चार जुन्या वह्या आठवणीने घेतल्या होत्या. आमच्या मातोश्रींनी आयुष्यभर जमविलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांत आहेत. शाई फिकी पडत चालली आहे; कित्येक शब्द आता आम्हांलाच लागतात, दुसऱ्या कोणास लागावयाचे नाहीत. सेवानिवृत्त होताच या ओव्या नीट उतरून काढू, असे आम्ही मातोश्रींना त्यांच्या हयातीत सांगितले होते. निवृत्तीला आता चौथे वर्ष लागले. वह्या पुण्याहून लंडनला पोहोचल्या आणि तेथेही पंधरा दिवस पेटीतच राहिल्या. कारण विचाराल तर ते वाचकांच्याही परिचयाचे आहे : वेळ मिळत नाही.

चिरंजीवांनी त्यावर आपल्या पद्धतीचा उपाय योजला. मोबाइलवर पंधरा-पंधरा मिनिटांचे रंगीत चौकोन पाडून त्यांत आमचा दिवस बसवून दिला. दोन दिवस आम्ही त्या चौकोनांचे आज्ञाधारक होतो. तिसऱ्या दिवशी ‘लेखन’ असा चौकोन उगवला आणि मावळला, तरी आमचा चहाच चालला होता. तेव्हा चिरंजीव हसून म्हणाले, “बाबा, तुम्ही आणि आई एकदा डार्विनचे घर पाहून या. त्यांचे मोबाइलवाचून बरे चालले होते.”

व्हिक्टोरिया स्थानकावर गाडीत बसून ब्रॉम्लीला उतरावे आणि तेथून 146 क्रमांकाची बस धरावी. ती डाऊन गावच्या चर्चपाशी नेऊन सोडते. हा भाग आता लंडनच्याच हद्दीत मोडतो, परंतु बसमधून उतरल्यावर ते खरे वाटत नाही. अरुंद रस्ता, दोहों बाजूंस दाट कुंपणे, शेतांत विखुरलेले गारगोटीसारखे दगड; आणि मधूनच डोक्यावरून एखादे लहान विमान जाते तेवढाच काय तो आवाज. चालत पाव तासात आपण त्या पांढऱ्या, मोठ्या, पण मुळीच डौल नसलेल्या घरापुढे येतो. 1842 च्या सप्टेंबरात डार्विन कुटुंब येथे राहावयास आले आणि 19 एप्रिल 1882 रोजी येथेच डार्विन यांचा अंत झाला. म्हणजे चाळीस वर्षे एकाच घरात. ज्यांनी तरुणपणी सुमारे पाच वर्षे जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यांनी पुढे इंग्लंडचा किनारा म्हणून सोडला नाही.

तळमजल्यावरची अभ्यासिका त्यांच्या काळी होती तशी मांडून ठेविली आहे. उंच पाठीची खुर्ची, तिला चाके लाविलेली. हातांवर आडवी फळी टाकून तीवर लिहावयाचे. भिंतीशी खणाखणांचे कपाट. एकेका विषयाची टिपणे एकेका बासनात, अशी तीस-चाळीस बासने ते ठेवीत. नवे पुस्तक हाती घेण्यापूर्वी त्या त्या विषयाचे बासन सोडले की वर्षानुवर्षांचा संग्रह आयता पुढे येई. जड ग्रंथ धरावयास सोयीचे पडावेत म्हणून ते मधोमध फाडून त्याचे दोन भाग करीत, हे ऐकून मात्र आमच्यातील जुन्या शिक्षकाचा जीव कळवळला. तपकिरीची बरणी ते मुद्दाम बाहेर दिवाणखान्याच्या वाटेवर ठेवीत. उठून जावे लागले म्हणजे चिमूट कमी घेतली जाते. मनावर भरवसा न ठेवता बरणी दूर ठेवणे, ही युक्ती आम्हांस फार आवडली.

त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी वडिलांचा दिनक्रम लिहून ठेविला आहे. पहाटे थोडे फिरणे, पावणेआठाच्या सुमारास एकट्याने न्याहारी, आणि आठ ते साडेनऊ काम. हा त्यांचा सर्वांत चांगला वेळ. मग कोचावर पडून पत्रे ऐकावयाची, कोणीतरी कादंबरी वाचून दाखवावयाची. साडेदहाला पुन्हा अभ्यासिका, ती बारापर्यंत. बारा वाजले की आजचे काम चांगले झाले म्हणून ते समाधानाने उठत आणि पाऊस असो वा ऊन, फिरावयास निघत. दुपारी पत्रांची उत्तरे, विश्रांती. साडेचार ते साडेपाच आणखी एक तास काम. सगळी मिळून बेरीज चार तास!

आम्ही ती बेरीज बोटांवर दोनदा करून पाहिली. शाळेत असताना आम्ही दहा-दहा तास राबल्याची प्रौढी मिरवीत असू. या चार तासांत काय काय झाले? खडकाला चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल नामक सागरी जीवांवर आठ वर्षे खर्चून 1854 पर्यंत चार खंड पुरे झाले. त्या आठांतील दोन वर्षे दुखण्यात गेली, असा हिशेब त्यांनी स्वतःच दिला आहे. 1859 साली प्रसिद्ध झालेला जातींच्या उगमाचा ग्रंथ त्यांनी तेरा महिने दहा दिवसांत लिहिला. शेवटचे पुस्तक गांडुळांवरचे, ते 1881 सालचे. शिवाय पत्रव्यवहार : त्यांनी लिहिलेली आणि त्यांना आलेली मिळून आज उपलब्ध असलेली पंधरा हजारांहून अधिक पत्रे. आणि प्रकृती अशी की, वांत्या नि अशक्तपणा कायमचे सोबती; पाहुण्यांशी जरा अधिक बोलणे झाले तर रात्रीची झोप जावयाची. त्या दुखण्याचे निदान अजूनही एकमताने झालेले नाही. कोणते काम कधी सुरू झाले, कधी संपले, किती दिवस आजारात बुडाले, हे ते रोजनिशीत टिपून ठेवीत. आमच्या गुडघ्याची आणि रक्तदाबाची सबब त्या खुर्चीपुढे उभे राहून काढण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

बागेच्या टोकास दीड एकराचा चिंचोळा झाडीचा पट्टा आहे. 1846 साली शेजारच्या लबक घराण्याकडून तो भाड्याने घेऊन डार्विन यांनी त्यात हेझल, बर्च, हॉली अशी झाडे लाविली आणि भोवती वाळूची वाट केली. वळणावर दगडांचा लहान ढीग असे. दर फेरीला एक दगड पायाने बाजूस सारावयाचा, म्हणजे फेऱ्या मोजण्यात डोके गुंतत नसे. आम्हीही चार दगड रचले आणि निघालो. एका बाजूस गर्द सावली, दुसऱ्या बाजूस उघडे शेत. दुसऱ्या फेरीनंतर मातोश्रींची एक अर्धवट ओवी आठवली. जो शब्द वहीत पुसला होता तो तिसऱ्या फेरीत आपोआप ओठांवर आला. कागद जवळ नव्हता. बसच्या तिकिटासाठी खिशात हात घालून उगाच चाचपडलो, तर इकडे तिकीटही कागदाचे नसते!

परत आलो तो सौभाग्यवती बैठकीच्या खोलीत एमाबाईंच्या पियानोपाशी उभ्या होत्या. रोज रात्री नवरा-बायको बॅकगॅमन या सोंगट्यांच्या खेळाचे दोन डाव खेळत आणि त्यांचाही हिशेब ठेवीत. 1876 च्या आरंभी डार्विन यांचे 2795 डाव झाले होते व एमाबाईंचे 2490. आम्ही कौतुकाने हे सांगू लागलो, तर सौभाग्यवतींनी मध्येच विचारले, “अहो, चार तास त्यांचे, हे खरे. पण ते रोज त्यांच्या हातात आणून कोण देत होते?”

प्रश्न वाजवी होता. वडिलार्जित संपत्तीमुळे डार्विन यांना नोकरी करावी लागली नाही. घरात नोकरचाकर होते. दहा मुले झाली, त्यांतील तीन बालपणीच गेली. त्यांची दुखणी, नवऱ्याचे दुखणे, पाहुणे, स्वयंपाकघर, हे सर्व एमाबाईंनी पाहिले, आणि कादंबरी वाचून दाखविणाऱ्याही बहुधा त्याच. मुलांना वडील प्रिय होते. चार वर्षांच्या एका मुलाने कामाच्या वेळी येऊन, खेळावयास चला म्हणून वडिलांना सहा पेन्स देऊ केले होते, असे फ्रान्सिस लिहितात. त्या घरात कामाच्या वेळेची किंमत एवढ्याशा पोरालाही ठाऊक होती. “आणि तिच्या वेळेची?” सौभाग्यवती म्हणाल्या, “सकाळी आठ ते साडेनऊ आपल्याकडे दूधवाला येतो, भांडीवाली येते, दोनदा बेल वाजते. तुम्ही वही घेऊन बसाल; दार कोणी उघडायचे, ते तरी ठरवा.”

बसची वाट पाहता पाहता ते ठरले. सकाळचा दीड तास आमचा, आणि दुपारी चार ते साडेपाच सौभाग्यवतींचा. त्या वेळात बेल, फोन, चहा आणि आलागेला हे आमच्याकडे.

पुण्यास येऊन आता सात आठवडे झाले. पहिल्या वहीची एकेचाळीस पाने उतरून झाली आहेत. चहा अजून कधी कधी उतू जातो. सौभाग्यवती चार वाजता आतल्या खोलीचे दार लोटून घेतात. आत काय चालते ते त्यांनी सांगितलेले नाही, आणि आम्हीही विचारलेले नाही.