चार मीटरच्या आत

आमच्या सिंदी मेघेच्या गल्लीत उभ्या असलेल्या गाड्या एकदा बाजूनं बघा. डिकीवाल्या बऱ्याच गाड्यांची डिकी जरा आखूडच वाटते. चित्र काढता काढता कागद संपला असावा तशी! मला वाटायचं, ही फॅशन असेल. पण ही करामत कराची आहे.

२००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेलचं १५०० पर्यंत. मग काय! २००८ मध्ये टाटांनी डिकी आखूड करून इंडिगो सीएस आणली. ४१६० मिलिमीटरची डिझायर २०१२ मध्ये ३९९५ वर आली. त्याच वर्षी महिंद्रांनी झायलो छाटून क्वांटो काढली. पुढे २०१७ मध्ये जीएसटी आला. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४०, पण चार मीटरची रेघ तीच.

आमचीही गाडी त्यातलीच. आईची व्हीलचेअर डिकीत ठेवली की नागपूरपर्यंत बॅगा मांडीवर. पण ती सवलत नसती तर डिकीवाली गाडी आमच्या दारात आलीच नसती, हेही तितकंच खरं. सरकारनं बाहेरून लांबी मोजली. आत काय काय मावतं, ते ज्याचं त्यानं बघायचं!