पिसाचा मनोरा आणि औंढ्याची जमीन

परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलानें शनिवार-रविवारची सुटी कशी घालवावी, याविषयीं आमच्या हिंगोलीच्या घरीं दोन पक्ष आहेत. वडील व थोरले काका यांचें म्हणणें असें कीं, एवढा पैसा खर्चून पाठविलें तें अभ्यासासाठीं. तेव्हां सुटींतहि पुस्तक खालीं ठेवूं नये. दुसऱ्या पक्षांत आजी एकटीच आहे. परंतु घरांत वजन तिच्याच शब्दाला. "इतक्या दूर गेला आहेस, तर चार गांवें पाहा आणि काय पाहिलेंस तें मला सांग," अशी तिची आज्ञा आहे. त्या आज्ञेस अनुसरून गेल्या वसंतांत आम्ही चौघे मित्र दोन दिवस पिसा शहरीं जाऊन आलों, त्याची ही हकीकत.

मी इटलींतील मिलान येथें स्थापत्य-अभियांत्रिकी शिकतों. आमच्या चौघांत एक जर्मन, एक मदुरेचा तमिळ, एक मिलानचाच राहणारा आणि चौथा मी. परदेशांत प्रथम भेटीस 'तुमचें गांव कोणतें?' हा प्रश्न ठरलेलाच. जर्मन मित्र आपल्या खेड्याचें नांव अभिमानानें घेई, मदुरेकर मीनाक्षीच्या देवळाचें वर्णन सुरू करी. आणि मी मात्र 'मुंबईकडचा' एवढेंच सांगून मोकळा होत असें. हिंगोलीहून मुंबई पांचशेंहून अधिक किलोमीटर दूर आहे, हें मी सोयीस्करपणें विसरत असें. कोणी अधिक खोलांत शिरलेंच, तर 'लहानसा मागासलेला जिल्हा आहे, तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं,' असें म्हणून मी विषय बदलीत असें. ही माझी लबाडी पिसा येथें उघडी पडली.

शनिवारीं पहांटेची गाडी धरली. जेनोवा मागें पडल्यावर उजव्या हातास समुद्र लागतो. बोगद्यांतून बाहेर पडावें, क्षणभर निळें पाणी व कड्यावर टांगल्यासारखीं रंगीत घरें दिसावीं, तोंच पुढचा बोगदा यावा, असा खेळ बराच वेळ चालला होता. पुढें डाव्या बाजूच्या डोंगरांवर बर्फासारखे पांढरे पट्टे दिसूं लागले. तें बर्फ नव्हे, काराराच्या संगमरवराच्या खाणी, असें मिलानच्या मित्रानें सांगितलें. मायकेलएंजेलो आपल्या मूर्तींसाठीं दगड येथूनच निवडून नेत असे. घरून आलेल्या भाजणीचीं थालिपीठें मीं बरोबर घेतलीं होतीं. तीं पिसा येण्यापूर्वींच संपलीं, आणि त्यांत जर्मन मित्राचा वाटा सर्वांत मोठा होता.

स्टेशनवरून आर्नो नदीचा पूल ओलांडून जुन्या पेठेंतून चालत गेलें, कीं एकदम हिरवेंगार मैदान लागतें आणि त्यावर पांढऱ्या शुभ्र इमारती दिसतात. सारें जग ज्याला पाहावयास येतें तो मनोरा म्हणजे कांहीं स्वतंत्र वास्तु नव्हे. शेजारच्या मोठ्या ख्रिस्ती देवालयाचें तें घंटाघर आहे. उंची सुमारें ५६ मीटर. ११७३ सालीं त्याचें काम सुरू झालें, आणि थोडे मजले चढतात न चढतात तोंच खालची मऊ चिकणमाती एका अंगास खचूं लागली. पुढें लढायांमुळें काम सुमारें शंभर वर्षें बंद पडलें. या खोळंब्यानेंच मनोरा वांचला, असें आमच्या शास्त्रांतील जाणते म्हणतात. कारण तेवढ्या अवधींत माती दबून घट्ट झाली. पुढच्या गवंड्यांनीं वरचे मजले कललेल्या बाजूस अधिक उंच करून तोल सांवरण्याचा यत्न केला. त्यामुळें मनोरा नुसता कललेला नाहीं, तर किंचित् वांकलेलाहि आहे.

सर्वांत मनोरंजक गोष्ट अलीकडची. १९३४ सालीं पायांत सिमेंट भरून मनोरा सांवरण्याचा प्रयत्न झाला, आणि तो उलट अधिकच कलला. १९९० सालीं तो लोकांस बंद करावा लागला. तेव्हां तज्ज्ञांनीं प्रथम उंच बाजूच्या पायावर शिशाचे जड ठोकळे ठेवले, आणि नंतर त्याच बाजूखालची माती थोडीथोडी काढून घेतली. कललेल्या अंगास आधार देण्याऐवजीं दुसऱ्या अंगाखालची माती काढावयाची! मनोऱ्याचा माथा ४० सेंटिमीटरांहून अधिक मागें आला, आणि २००१ च्या डिसेंबरांत दारें पुन्हा उघडलीं. मनोरा अगदीं सरळ करण्याचा मात्र कोणाचाच विचार नव्हता. सरळ मनोरा पाहावयास कोण आलें असतें?

हें सारें ऐकत असतां मला आमच्या घराची मागची भिंत आठवली. आमच्याकडील काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावरची ती भिंतहि दरसाल तडकते. आजोबा चुना घेऊन त्या भेगा बुजवीत आणि 'घर नव्हे, जमीन हलते आहे,' असें म्हणत. वर्गांत मृत्तिकाशास्त्राचें पुस्तक उघडण्यापूर्वीं पहिला धडा मीं त्यांच्याचपाशीं घेतला होता, हें मला पिसाच्या हिरवळीवर उभें राहून समजलें.

सायंकाळीं नदीकांठीं बसलों असतां गॅलिलिओचा विषय निघाला. तो याच गांवीं १५६४ सालीं जन्मला आणि १५८९ पासून तीन वर्षें येथील विद्यापीठांत गणित शिकवीत होता. मनोऱ्यावरून त्यानें हलके व जड गोळे खालीं सोडले, ही गोष्ट त्याचा शिष्य विव्हियानी यानें लिहून ठेवली. इतिहासकार तिच्याविषयीं साशंक आहेत. "पुरावा नसला तरी गोष्ट सुंदर आहे," असें मदुरेकर म्हणाला. तेव्हां न राहवून मीं औंढा नागनाथाची गोष्ट सांगितली. नामदेवमहाराज देवळापुढें कीर्तन करीत असतां त्यांस तेथून उठविण्यांत आलें. ते मागच्या बाजूस जाऊन कीर्तन करूं लागले, आणि भक्ताकडे तोंड करण्यासाठीं सारें देऊळच फिरलें. म्हणूनच तेथें नंदी देवासमोर नसून देवळाच्या मागें आहे, असें सांगतात. याच देवळांत पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांनीं नामदेवांस 'जेथें देव नाहीं तेथें माझे पाय ठेव' म्हटलें, हीहि कथा मीं सांगितली. यादवकालीन कोरीव दगडी जोतें, त्यावरचें उत्तरकालीन शिखर, आणि वांकून उतरावें लागतें असें जमिनीखालचें गर्भगृह यांचें वर्णन करतांना माझें मलाच भान राहिलें नाहीं.

तिघेहि स्तब्ध ऐकत होते. मग जर्मन मित्र म्हणाला, "हें देऊळ तुझ्या घरापासून किती दूर?"

"वीस-पंचवीस किलोमीटर."

"आणि तूं तर म्हणत होतास, तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं.

रविवारीं आम्ही पिसाजवळील काशिना येथें 'व्हर्गो' नांवाची वेधशाळा पाहावयास गेलों. मित्रानें आधींच नांवें नोंदविलीं होतीं. हिला दुर्बीण नाहीं. शेतांमधून काटकोनांत दोन लांबच लांब नळ्या गेल्या आहेत; प्रत्येक ३ किलोमीटरची. आंत निर्वात पोकळी, टोकांस आरसे, आणि त्यांमध्यें लेसरचा किरण. दूर आकाशांत दोन कृष्णविवरें एकमेकांवर आदळलीं, म्हणजे अवकाशांत लहरी उठतात; अशा लहरी असतात, असें आइन्स्टाईननें १९१६ सालीं सांगितलें होतें. ती लहर पृथ्वीवरून जातांना या नळ्यांची लांबी अणुकेंद्राच्या व्यासाहूनहि फार थोड्या अंशानें बदलते, तेवढें मोजावयाचें! अमेरिकेंतील 'लायगो'च्या दोन यंत्रांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं ती प्रथम टिपली. पण एका कानानें जशी आवाजाची दिशा कळत नाहीं, तशीच लहर कोठून आली हें ओळखण्यास एकमेकांपासून दूर असलेलीं अनेक यंत्रें लागतात. २०१७ च्या ऑगस्टांत व्हर्गो त्यांस मिळालें, आणि दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची जागा आकाशांत शोधतां आली. दुर्बिणींनीं तो उजेडहि पाहिला.

माहिती देणाऱ्या बाईंनीं भिंतीवरील जगाच्या नकाशावर बोट फिरवीत सांगितलें, "यापुढचें एक यंत्र भारतांत होणार आहे. औंढा या गांवाजवळ."

तिन्ही मित्रांनीं एकदम माझ्याकडे पाहिलें. मला ही गोष्ट ठाऊक नव्हती असें नव्हे. २०१६ सालीं या योजनेस तत्त्वतः मान्यता मिळाली, २०२३ च्या एप्रिलांत केंद्र सरकारनें सुमारें २६०० कोटि रुपये मंजूर केले, आणि ११ मे रोजीं कोनशिला बसली, हें सारें मीं वाचलें होतें. पुण्याच्या 'आयुका' संस्थेंत संजीव धुरंधर यांनीं अशा लहरी कोलाहलांतून वेगळ्या काढण्याच्या गणितावर आयुष्यभर परिश्रम केले, हेंहि ठाऊक होतें. पण परक्या देशांत, परक्या तोंडून माझ्या जिल्ह्यांतील गांवाचें नांव ऐकून अंगावर कांटा आला, आणि त्याबरोबर लाजहि वाटली.

मीं विचारलें, "तीच जागा कां निवडली?" बाई म्हणाल्या, "शांत आहे म्हणून. आमच्याकडे समुद्र खवळला तरी त्याचा कंप जमिनींतून येथें पोंचतो. अशा यंत्राला न हलणारी जमीन हवी. समुद्र दूर, कारखाने दूर, मोठी वर्दळ दूर."

परतीच्या गाडींत हें वाक्य मनांतून जाईना. कारखाने दूर, वर्दळ दूर: हिंगोलीची जीं उणीं मी आजवर लपवीत आलों, तींच येथें गुणांच्या यादींत होतीं. तरी त्यानें सारें समाधान झालें असेंहि नाहीं. ती शांतता आम्हांस फुकट मिळालेली नाहीं. आमच्या वर्गांतील निम्मीं मुलें कामासाठीं पुण्यामुंबईस गेलीं आणि मी त्याहून दूर आलों, तेव्हां गांव इतकें शांत राहिलें. औंढ्याच्या दगडी देवळाजवळ चार किलोमीटरच्या नळ्या उभ्या राहतील, त्या वेळीं त्यांच्या पायाखालची जमीन ओळखणारे आमचे कितीजण तेथें असतील? हा प्रश्न मीं इतरांस विचारावयाचा नाहीं, स्वतःसच विचारावयाचा आहे. शिक्षण संपण्यास एक वर्ष उरलें आहे.

रात्रीं आजीला फोन करून सारें सांगितलें. अत्यंत शांत जागा लागते, एवढें तिला नीट समजलें. थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "अरे, मग महाशिवरात्रीला औंढ्यास एवढी गर्दी लोटते, तेव्हां तें यंत्र काय करील?"

याचें उत्तर तयार ठेवण्यास मीं तिच्याकडून वर्षाची मुदत मागून घेतली आहे. काकांनीं मात्र खर्चाचा हिशेब मागितला आहे. तो पुढील पत्रीं.