पाठीखाली काय घालायचं?



सहल, शिबिर किंवा रात्रीचा ट्रेक ठरला की आपण मुलांच्या हातात सामानाची यादी देतो. त्यात ‘अंथरूण-पांघरूण’ असा एक शब्द असतो. मीही वर्षानुवर्षे तोच लिहीत आले. पांघरुणाचा विचार सगळे करतात. अंथरूण म्हणजे काय तर घरात सापडेल ती सतरंजी किंवा जुनी चादर. ही चूक मी स्वतःच्या मुलाच्या बाबतीत केली, आणि तीसुद्धा विज्ञान शिकवणारी बाई असून. म्हणून हा लेख.

आम्ही बदलापूरला राहतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत घरचे चौघे कर्जत लोकलने निघालो आणि कोंदिवड्याहून, कोंढाण्याची लेणी बघत राजमाचीला चढलो. मुक्काम उधेवाडीत, एका घराच्या अंगणात टाकलेल्या तंबूत. मुलगा तेव्हा सातवीत होता. त्याच्या अंगावर मी दोन ब्लँकेटं घातली आणि खाली एक सतरंजी. रात्री दोनला त्याने मला उठवलं. "आई, खालून थंडी येतेय." मी काय केलं असेल? माझी शाल काढून त्याच्या अंगावर टाकली! म्हणजे तिसरं पांघरूण. पोरगं सकाळपर्यंत कुडकुडत बसलं.

परतीच्या लोकलमध्ये त्याने विचारलं, "आई, वहन, अभिसरण, प्रारण हे तूच शिकवतेस ना गं?" काय बोलणार!

शांतपणे विचार केला तर गोष्ट साधी आहे. ब्लँकेट स्वतः गरम नसतं. त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा आपल्या अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पण आपण झोपलो की खालचा थर वजनाने दबतो आणि त्यातली हवा निघून जाते. महागडी स्लीपिंग बॅग घेतली तरी पाठीखाली हेच होतं. मग अंग आणि जमीन एकमेकांना चिकटल्यासारखीच, आणि वहनाने उष्णता रात्रभर जमिनीत जात राहते. वर कितीही घाला. त्याच्या दोन ब्लँकेटांतलं एक घडी करून खाली घातलं असतं तर त्याला झोप लागली असती.

त्यानंतर हवेची मॅट शोधायला लागले. माझीही पाठ सेहेचाळीस वर्षांची आहे, ती दगडावर आता ऐकत नाही. पहिली मॅट उल्हासनगरच्या बाजारातून आणली. जाड प्लास्टिकची, पोहण्याच्या तलावात तरंगते तशी. स्वस्त मिळाली. घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर जवळजवळ दोन किलो! गच्चीवर एक रात्र झोपून बघितलं. मऊ होती, पण पहाटे पुन्हा खालून गार. कारण आत नुसती मोकळी हवा. अंगाजवळची हवा तापते, जमिनीजवळची गार राहते, आणि आपण कूस बदलली की सगळी ढवळली जाते. हवा अडकलेली असेल तरच ती उष्णता अडवते, मोकळी फिरणारी हवा नाही. हे वाक्य आता मी वर्गात फळ्यावर लिहिते.

दुसऱ्या वेळी मात्र माहिती काढून घेतली. चांगल्या मॅटवर ‘आर-व्हॅल्यू’ नावाचा आकडा असतो. मॅट एका गरम आणि एका थंड पाटीमध्ये ठेवतात आणि वरची पाटी तेवढीच गरम ठेवायला किती वीज लागते ते मोजतात. वीज कमी लागली तर आर-व्हॅल्यू जास्त. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एएसटीएम संस्थेने एकच पद्धत ठरवून दिली, त्यामुळे आता दोन मॅटांची तुलना करता येते. आपल्या सह्याद्रीतल्या हिवाळ्याला दोन-अडीचची मॅट पुरते. चार-पाचची हिमालयात बर्फावर झोपणाऱ्यांसाठी, दुकानदार कितीही सांगो. हे आकडे एकमेकांत मिळवताही येतात. दोनची फोमची मॅट आणि तिच्यावर दोनची हवेची, म्हणजे चार झाले.

माझी आताची मॅट पातळ नायलॉनची, ४८० ग्रॅमची. घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी होते. वापरताना शिकलेल्या दोन-चार गोष्टी सांगते. तोंडाने फुगवू नका, श्वासातली वाफ आत जाऊन पाणी साचतं. सोबत पिशवीसारखा पंप येतो, तो वापरा. ट्रकच्या टायरसारखी टणक फुगवू नका. कुशीवर झोपल्यावर कंबर जमिनीला जेमतेम टेकणार नाही एवढीच हवा ठेवा. मध्यरात्री मॅट थोडी सैल लागली तर लगेच पंक्चर समजू नका. संध्याकाळी पंचवीस अंशाला भरलेली हवा पहाटे बारा अंशाला सुमारे चार टक्के आकुंचन पावते. नववीच्या पुढची मुलं असतील तर हे गणित त्यांच्याकडूनच करून घ्या! खाली जुना फ्लेक्सचा बॅनर अंथरा. निवडणुका आणि वाढदिवस यांच्या कृपेने आपल्याकडे फ्लेक्सला तोटा नाही. आणि घरी आल्यावर मॅट घडी करून कपाटात कोंबू नका, व्हॉल्व्ह उघडा ठेवून पलंगाखाली पसरून ठेवा.

आता खरी गोष्ट. गेल्या डिसेंबरात अंबरनाथच्या आमच्या शाळेतली नववीची बावीस मुलं राजमाचीला न्यायची ठरलं. नव्या ज्ञानाच्या उत्साहात मी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, "प्रत्येकाने हलकी एअर मॅट आणावी, आर-व्हॅल्यू किमान दोन." संध्याकाळी एका मुलाची आई शाळेत आली. उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये राहतात, जीन्स शिवायचं काम करतात. म्हणाल्या, "मॅडम, ती हवेची गादी केवढ्याला मिळते? नाही जमलं तर यंदा त्याला नाही पाठवत." मी किंमत सांगितली आणि सांगतानाच ऐकू आलं की आपण काय बोलतोय.

त्याच रात्री मेसेज काढून टाकला. दुसऱ्या दिवशी वर्गात बर्फाचे तीन खडे ठेवले, एक फरशीवर, एक घडी केलेल्या गोधडीवर, एक थर्माकोलवर. फरशीवरचा सगळ्यांत आधी विरघळला. मग मुलांनाच विचारलं, पाठीखाली घालायला घरात काय आहे? फोमची कॅरीमॅट तिघांकडे होती. बाकीच्यांनी गोधड्या, टीव्हीच्या खोक्यातला फोम, योगाची चटई असं काय काय सांगितलं. त्या मुलाच्या आईने जीन्सच्या चिंध्या भरून पातळशी गादी शिवून दिली, वर व्यवस्थित टाके घालून, चिंध्या एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून. ती आमच्या काट्यावर पावणेतीन किलो भरली. आता तुम्ही म्हणाल, मग हवेची मॅट कशाला? चढताना ती गादी चार जणांनी आळीपाळीने वाहिली आणि तासाभराने सगळ्यांना कारण कळलं. वजन कमी हवं म्हणूनच आपण पैसे मोजतो, उबेसाठी नाही.

रात्री मुलं छान झोपली. मी मात्र फ्लेक्स अंथरायला विसरले होते आणि पहाटे तीनला माझी पाठ जमिनीवर होती. कसलातरी काटा लागला होता. उरलेली रात्र त्याच गादीच्या एका कडेला बसून काढली, पाय अंगाशी घेऊन.

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात मॅट फुगवून ठेवली. एवढी लांब मॅट बादलीत मावत नाही, म्हणून स्पंजाने साबणाचं पाणी फिरवलं. दहा मिनिटं माझ्या डोळ्यांना काही दिसेना. बुडबुडा त्या मुलाला सापडला, शिवणीपासून बोटभर अंतरावर, मोहरीएवढा. मॅट पुसून कोरडी केली, सोबत आलेला पॅच लावला (सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन याला नीट धरत नाही) आणि रात्रभर वर जाडजूड शब्दकोश ठेवून दिला. पॅच लावण्याआधी त्याने निळ्या पेनाने भोकाभोवती मोठा गोल काढला होता, जागा चुकू नये म्हणून. पॅचच्या कडेने तो गोल अजून दिसतो.