फिरत्या घरातील फ्रीज

जैन कुटुंबाच्या स्वयंपाकघरात फ्रीजला तसे मर्यादितच काम असते. शिळे खायचे नाही आणि सूर्यास्तानंतर ताट मांडायचे नाही, असा ज्या घराचा नेम आहे, तेथे उरलेल्या अन्नासाठी थंड कपाट लागत नाही. दूध, फळे, भाजी एवढ्यावर त्याचे काम भागते. अलीकडे मात्र पुष्कळ घरांत फ्रीजच्या दारातील एक कप्पा औषधांचा झाला आहे आणि त्यात वडीलधाऱ्यांचे इन्सुलिन असते. ज्या घरी असा कप्पा आहे, त्या घरी फ्रीज थंड न होणे ही सरबताच्या गोडीपुरती गोष्ट राहत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि फ्रीजची सोय असलेली वाहने आता लोणावळा, कार्ला, पवना जलाशय या परिसरात दिसू लागली आहेत. हॉटेलात कंदमुळांविना स्वयंपाक मिळेल की नाही, सूर्यास्तापूर्वी जेवण होईल की नाही, ही चिंता ज्यांना असते, त्या कुटुंबांना आपली चूल बरोबर नेणारे हे वाहन विशेष सोयीचे वाटते.

पुण्यातील कापडाच्या व्यापारातील एका कुटुंबानेही असेच एक वाहन दोन दिवसांसाठी भाड्याने घेतले. चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा होऊन गेली होती, दिवाळीचा हंगाम आटोपला होता. शहात्तर वर्षांचे बापूजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे अशी पाच माणसे. पवना जलाशयाच्या काठी मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी कामशेतजवळचे पाले गाव, असा बेत होता. पाल्याच्या डोंगरात एक ब्राह्मी शिलालेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो अभ्यासून प्रसिद्ध केला. तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. अरिहंतांना वंदन करून तेथे लेणे आणि पाण्याची पोढी खोदविल्याची नोंद त्यात आहे. महाराष्ट्रातील जैन धर्माच्या सर्वांत जुन्या लेखी पुराव्यांत त्याची गणना होते. तो पाहण्याची बापूजींची फार दिवसांची इच्छा होती.

काठावर गाडी उभी राहिली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. सूनबाईंनी दूध घेण्यासाठी फ्रीज उघडला, तर आत थंडाव्याचे नाव नव्हते. पेल्यातील पाण्यात तापमापक बुडवून ठेवला, तो १७ अंश दाखवू लागला. वस्तुतः दूध, मिठाईचे डबे, आइस्क्रीम, सरबताच्या बाटल्या अशा मालाने फ्रीज गच्च भरला होता. औषधाची डबी तळाशी होती. बापूजींचे वापरातील पेन दुपारीच संपले होते. संध्याकाळच्या जेवणापूर्वीचे इन्सुलिन नव्या पेनमधून घ्यायचे होते आणि सूर्यास्ताला दोन तासही उरले नव्हते.

येथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आणि गोंधळ वाढला. फ्रीज का बिघडला हा एक प्रश्न, औषध बिघडले का हा दुसरा. मुलाने दोन्हींवर एकच तोड काढली, काठावरच्या टपरीवरून बर्फ आणून औषधाची डबी त्यात पुरायची. सूनबाईंनी त्यांना थांबविले आणि पेनच्या खोक्यातील माहितीपत्रक उलगडले. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे, ते गोठू देऊ नये आणि गोठलेले पुन्हा वापरू नये, असे त्यात स्पष्ट होते. म्हणजे बर्फात पुरण्याचा उपाय रोगापेक्षा घातक ठरला असता. त्याच पत्रकात असेही होते, की वापरास काढलेले पेन सुमारे चार आठवडे बाहेर, ३० अंशांखाली ठेवता येते. निरनिराळ्या इन्सुलिनचे नियम थोडे वेगळे असतात, म्हणून त्यांनी घरच्या डॉक्टरांना फोन लावला. काही तास १७ अंशांत राहिल्याने औषध निकामी होत नाही, हे डॉक्टरांनी निःशंकपणे सांगितले. उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीत ते राहिले असते, तर गोष्ट निराळी होती.

पहिला प्रश्न मिटला, तेव्हा दुसऱ्याकडे शांतपणे पाहता आले. अशा वाहनांत दोन जातींचे फ्रीज आढळतात. एक घरच्यासारखा, कॉम्प्रेसरचा. दुसरा वीज किंवा गॅस यांपैकी कशावरही चालणारा. हा दुसऱ्या जातीचा होता. स्टॉकहोममधील बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये त्याची रचना सिद्ध केली. त्यात फिरणारा एकही भाग नाही. पाण्यात विरघळलेला अमोनिया उष्णतेने वायुरूप होऊन वर चढतो, मागच्या नळ्यांत निवून द्रव होतो, पुढे हायड्रोजनच्या सहवासात त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना तो कपाटातील उष्णता शोषतो. नंतर तो पाण्यात मिसळून आपल्याच वजनाने खाली उतरतो. हे चक्र यांत्रिक पंपाविना, उष्णता आणि गुरुत्वाकर्षण यांवर चालते.

म्हणूनच असा फ्रीज समपातळीवर असावा लागतो. गाडी धावत असताना हेलकाव्यांनी द्रव सरकत राहतो, पण उतारावर उभी राहिली की तो नळ्यांच्या कोपऱ्यात अडकतो. तसाच चालू ठेवला, तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. पवनेचा काठ पाण्याकडे उतरता आहे. पाण्याने भरलेली बाटली आडवी ठेवून पाहिली, तेव्हा आतला बुडबुडा एका टोकाला गेला. चाकांखाली फळ्या घालून गाडी समतल केली. दुसरा दोष बाहेर होता. सावलीसाठी बांधलेल्या ताडपत्रीची घडी मागच्या वरच्या जाळीवर पडली होती. बाहेर टाकायच्या उष्णतेची वाटच बंद झाली होती. गॅसवर चालवताना ही जाळी मोकळी असणे जिवाच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. तिसरा दोष नियोजनाचा. असा फ्रीज थंड व्हायला आठ-दहा तास घेतो. तो आदल्या रात्री घरच्या विजेवर लावून, थंड केलेला माल त्यात भरायचा असतो. येथे तो सकाळी सुरू झाला आणि कोमट मालाने भरला गेला.

प्रवासात तो गाडीच्या १२ व्होल्टवर चालला होता. बारीक तारेमुळे व्होल्टेज एक दशांश घटले, तर मिळणारी उष्णता जवळजवळ एक पंचमांश घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाराचे रबर तपासायला दहा रुपयांची नोट पुरते. नोट दारात धरून दार लावावे, ती सहज सुटून आली तर रबर सैल झाले आहे. गॅसची ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर जेट साफ करून घ्यावा. अमोनियाचा उग्र वास आला किंवा मागे पिवळी भुकटी दिसली, तर फ्रीज बंद करून जाणकाराला बोलवावे, स्वतः हात लावू नये.

ताळेबंदात फरक येतो, तेव्हा मोठा घोटाळा शोधण्याची घाई होते. पुष्कळदा तो तीन-चार किरकोळ नोंदींचा मिळून झालेला असतो. येथेही तसेच होते. निम्मा माल बाहेर काढला, फ्रीज गॅसवर लावला. उरलेली दोन पेने घट्ट झाकणाच्या डबीत घालून, गाळलेल्या पाण्याने भरलेल्या मातीच्या माठात रात्रभर तरंगत ठेवली. पाझरणाऱ्या पाण्याची वाफ होताना माठ गार राहतो, हे ज्ञान फ्रीजहून फार जुने आहे. पहाटे फ्रीजमधील पाणी ६ अंशांवर आले होते.

जेवणापूर्वी पेन हातात देताना सूनबाईंनी विचारले, "बापूजी, फ्रीज बंद आहे हे आपल्याला केव्हा कळले?"

"खंडाळ्यालाच. पाण्याची बाटली काढली तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"मुले खुशीत होती, बेटा. एक वेळ इन्सुलिन नाही घेतले, तर काय होते, असे वाटले."

काय होते ते डॉक्टरांनी मागेच सांगितलेले होते, आणि बापूजींनाही ते ठाऊक होते. ज्यांनी आयुष्यभर उधारी चोख वसूल केली, तीच माणसे म्हातारपणी घरातले आपले येणे मागत नाहीत. म्हणून प्रवासाला निघताना सामानाच्या यादीत औषध सर्वांत वर लिहावे, फ्रीजमध्ये ते प्रथम ठेवावे आणि उरलेल्या जागेत मिठाईचे डबे बसतील तेवढेच न्यावेत. वडीलधारी माणसे सांगतील याची वाट पाहू नये, विचारावे.