मोहाचे बैल

आमच्या घरी ओव्हन नाही. जाड बुडाचं एक जर्मनचं पातेलं आहे आणि पैनगंगेची चाळलेली, धुऊन वाळवलेली वाळू आहे. पातेल्यात दोन बोटं वाळू पसरायची, वर लोखंडी रिंग ठेवायची, झाकण लावून दहा मिनिटं तापू द्यायचं. मग ताटलीत बिस्किटं मांडून ती ताटली रिंगेवर ठेवायची आणि गॅस बारीक करायचा. वीस मिनिटांत घरभर असा वास सुटतो की शेजारची पोरं न बोलावता दारात येतात.

तामसी कुठे, हा प्रश्न मला हॉस्टेलवर पहिल्या आठवड्यात निदान वीस जणींनी विचारला. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेला टेकून. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या बाजूला किनवट. १९५६ पर्यंत किनवटही आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. भाषावार राज्यं झाली तेव्हा ते मराठीकडे गेलं, आम्ही तेलुगूकडे राहिलो. त्यामुळे आमच्या बाजारात तेलुगू, गोंडी आणि मराठी तिन्ही चालतात, आणि भाव करताना माणूस एका वाक्यात तिन्ही वापरतो.

माझी बिस्किटं म्हणजे खरं तर नानखटाईच. पण मैद्याची नाही, ज्वारीची. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून तर भाकरीसाठी गरम पाणी लागतं आणि तरी कडा फाटतात. भाकरीत जो त्रास, तोच नानखटाईत गुण ठरतो. चिकटपणा नाही म्हणून ती तोंडात टाकताच विरघळते. दीड वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी कणीक, वाटीभराला थोडं कमी तूप, अर्धी वाटी किसलेला गूळ, सुंठ, तीळ, चिमूटभर मीठ. तूप आणि गूळ हातानं भरपूर फेसायचं, मग पीठ घालायचं. कणीक घालायची ती आकार धरावा म्हणून. आणि सगळ्यात शेवटी, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती अर्धी वाटी मोहफुलांची पूड.

मोह मार्च-एप्रिलमध्ये गळतो. पहाटे झाडाखाली पिवळट-पांढऱ्या, रसाळ फुलांचा सडा पडतो. ती वेचून उन्हात वाळवली की मनुकांसारखी तपकिरी होतात आणि वर्षभर टिकतात. गोंड समाजात हे झाड पूज्य आहे. तेलुगूत फुलाला इप्पा पुव्वु म्हणतात. पण आमच्या भागात, आणि बहुधा तुमच्याही, मोह म्हटलं की माणसाला एकच गोष्ट आठवते. हॉस्टेलवर डबा उघडल्यावर पहिला प्रश्न तोच आला, "यात दारू आहे का गं?"

गंमत अशी की नानखटाईचीही एक हकिकत सांगतात, आणि तिच्यातही दारू आहे. सुरतेला डचांची बेकरी होती, ती पुढे दोतीवाला नावाच्या पारशी माणसाच्या हातात आली. पावाला ताडी आणि अंडी लागायची, म्हणून गावातले लोक तो घेईनात. मग त्यानं दोन्ही काढून टाकलं आणि त्यातून पुढे नानखटाई झाली. लोक लाजू नयेत म्हणून घडवलेला हा खाऊ आहे, असं मी मैत्रिणीला सांगितलं. तिनं तोवर तिसरी उचलली होती.

मोहाला आता जरा बरे दिवस येत आहेत. आमच्याच जिल्ह्यात उटनूरला भीमबाई नावाची आदिवासी बायकांची सहकारी संस्था मोहाचे लाडू करते. महाराष्ट्रात मोहफुलं गोळा करण्यावर आणि नेण्यावर असलेली बंधनं २०२१ मध्ये उठली. मार्च २०२५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या चार बहिणींच्या मोहाच्या कुकीजचं कौतुक केलं आणि आदिलाबादच्या दोन बहिणींचाही उल्लेख केला. ते ऐकूनच मी आदिलाबादच्या बाजारातून पाव किलो मोह आणला. घरात सगळ्यांनी हौसेनं चाखला. आजीनं मात्र ताटली हुंगली आणि बाजूला सारली.

"मले नको."

"अगं आजी, दारू नाही त्यात."

"दारूचं कोन म्हनते? दारू तं पुरुषांयनं पेली. आम्ही खाल्ला मोह."

मग हळूहळू कळलं. आजीचं माहेर किनवट तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात ती सतरा वर्षांची होती. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिथे सुकडी मिळायची, कधी लाल मिलो. ते संपलं की रात्री मोह. वाळलेली फुलं उकडायची, असल्या तर ज्वारीच्या कण्या घालायच्या आणि खायचं. गोड असायचं, पण रोज गोड खाऊन पोटात ढवळायचं. आणि सोयरे यायचे असले की तिची आई मोहाचं गाडगं माळ्यावर लपवायची. लग्नाची पोर घरात. मोह खाऊन राहतात हे कळलं तर स्थळ परत जाईल. तामसीला सून म्हणून आल्यावर आजीनं या घरात मोह कधी आणला नाही. आम्हीही कधी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं.

आजकाल पाकिटांवर 'आजीच्या हातची चव' असं छापलेलं असतं. माझ्या आजीला ती चव पुन्हा नको होती. मला वाटलं, आता हा नाद सोडावा.

पण मध्ये पोळा आला. आमच्याकडे आता बैल नाहीत, ट्रॅक्टर आहे. पूजेला मातीचे बैल आणतो. लहान चुलत भावंडं म्हणाली, ताई, आपण बिस्किटाचे बैल करू. उरलेला मोह होताच. पीठ मळून प्रत्येकाला गोळा दिला. तिळाचे डोळे, लवंगेची शेपटी. ताटलीवर आडवे झोपलेले बैल तयार झाले, त्यांच्यासोबत दोन ट्रॅक्टर आणि एक जेसीबीसुद्धा. बारीक शिंगं सगळ्यात आधी भाजतात आणि पातेल्यातच मोडतात. मग कुठलं शिंग कोणाच्या बैलाचं यावरून भांडणं.

आजी ओट्यावरून बघत होती. पोरं मोठ्यानं हसत होती आणि मधूनच 'मोह, मोह' ओरडत होती. गावभर ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. थोड्या वेळानं ती उठली, म्हणाली, "दे इकडं." दुसऱ्या घाण्यासाठीचा मोह तिनं सुपात घेतला, तळव्यांनी चोळला, आतले बारीक केसर सुटे करून पाखडले. मग मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजला. "थंडा होऊ दे, मंग वाट. गरमागरम वाटला तं त्याचा गोळा होते." पन्नास वर्षांत हात काहीच विसरला नव्हता.

मग तिनं स्वतः एक बैल केला. पोरांच्या बैलांना वशिंड नव्हतं, तिच्या बैलाला होतं.

तो तिनं खाल्ला नाही. मोडलेलं एक शिंग तोंडात टाकलं, चघळलं, काही बोलली नाही. मी विचारलंही नाही. मग ताटात आठ बैल मांडले, वर रुमाल टाकला आणि मला समोरच्या घरी पाठवलं. मी उंबऱ्यात असताना मागून आवाज आला, "मोहाचे हायेत म्हून सांगजो."

मी सांगितलं.

हल्ली जुन्या जिनसांची फार हौस आहे. नाचणीचे ब्राउनी, राजगिऱ्याचे कुकीज, सगळं रील्सवर दिसतं. मला ते आवडतं, मी स्वतः तेच करते. पण आपल्या मंडळातल्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला एक विनंती. या नाताळच्या सुट्टीत घरी गेलात की विचारा, असा कुठला जिन्नस आहे ज्याचं नाव आपल्याकडे पाहुण्यांसमोर घेत नसत? तो कोणी खाल्ला होता, कधी, कशासाठी? उत्तर यायला वेळ लागेल, घाई करू नका. उत्तर आलं की त्याचे बैल करा, हत्ती करा, जेसीबी करा. आणि डबा हॉस्टेलवर आणताना झाकणावर त्या जिनसाचं नाव ठळक अक्षरात लिहा.