भीती ज्याची त्याची

१७७६ सालच्या जुलैत, एका रविवारी, लेखक जेम्स बॉझवेल एडिंबरात डेव्हिड ह्यूमला भेटायला गेला. ह्यूम पोटाच्या दुखण्याने झिजत चालला होता. आपण वाचणार नाही हे त्याला ठाऊक होतं. देवधर्माबद्दल जन्मभर शंका घेणारा हा तत्त्वज्ञ आता तरी परलोकाच्या आशेने डळमळेल, असं बॉझवेलला वाटत होतं. ह्यूम डळमळला नाही. जन्माआधी आपण नव्हतो याने जसं बेचैन व्हायला होत नाही, तसंच पुढे नसण्यानेही होत नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. हादरला तो धडधाकट बॉझवेल.

हा बॉझवेल फाशी पाहायला मुद्दाम जायचा आणि मग रात्री एकटं झोपायची त्याची छाती होत नसे. ज्याची भीती वाटते त्याच्याच जवळ पुन्हा पुन्हा जाणारी माणसं असतात, त्यांतला तो.

ह्यूमची हकीकत त्याने सॅम्युएल जॉन्सनला सांगितली, तर जॉन्सनचा तिच्यावर विश्वासच बसेना. हा कोशकार नेमाने प्रार्थना करणारा, सश्रद्ध. पण मरणाचा विषय निघाला की कासावीस व्हायचा. १७६९ साली बॉझवेलने तो विषय लावून धरला, तेव्हा ‘उद्याही भेटायला नको’ असं त्याने बजावलं. त्याच्या भीतीत नरकाचा धाक होता, हे खरं. पण तोच धर्म मानणारी कितीतरी माणसं निवांतपणे गेली. जॉन्सनला तरुणपणापासून खोल उदासीनतेने ग्रासलं होतं. मला वाटतं, भीती तिथून आली. धर्माने तिला फक्त नरकाचं चित्र पुरवलं.

माझी आत्या माळकरी होती. एकादशी कधी मोडली नाही. उतारवयात मात्र ती रात्री खोलीतला दिवा मालवू देत नसे. ‘एवढा हरिपाठ म्हटलास, मग भीती कसली?’ असं घरातले म्हणत. त्यात धीर कमी आणि टोचणी जास्त. मरणाच्या भीतीवर भक्ती अपुरी पडल्याची शरम तिच्या माथी आली, ती मला आजही अन्यायाची वाटते. अंगकाठीसारखाच भित्रेपणाही माणूस बराचसा जन्मतः घेऊन येतो.

आणि भित्रा माणूस शेवटी डगमगतोच असंही नाही. १७८४च्या डिसेंबरात जॉन्सनने डॉक्टरांना सरळ विचारलं, मी बरा होईन का? चमत्काराशिवाय नाही, असं उत्तर आल्यावर त्याने औषधं बंद केली, वेदना शमवणारी अफूसुद्धा. शुद्ध झाकोळू न देता त्याला देवापुढे जायचं होतं. जन्मभर ज्या मरणाला घाबरला, त्याच्याकडे तो पूर्ण जागेपणी गेला. ह्यूमच्या शांतपणाइतकंच हे धैर्य मला मोठं वाटतं.

तुमच्या घरात कुणी रात्री दिवा चालू ठेवून झोपत असेल, तर तो चालू राहू द्या. आत्मा अमर असल्याचं लगेच सांगू नका. शेजारी बसा, आणि नेमकं कशाचं भय वाटतं ते त्यांना बोलू द्या.