तेल कुठून येतंय?

पहिला ठिपका रुपयाच्या नाण्याएवढा होता. जळगावात आमच्या घरासमोरच्या फरशीवर, गाडीच्या पुढच्या चाकांच्या जरा मागे. सकाळी पप्पा दूध घेऊन आले, खाली वाकले, बोट लावून वास घेतला आणि म्हणाले, "आजोबांच्या वेळी एक थेंब गळत नव्हता."

गाडी आजोबांची. 1986 ची प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट या नावाने बनायची, तीच पुढे पद्मिनी झाली. चार सिलिंडर, 1089 सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. आजोबा गेल्यावर नऊ वर्षं ती ताडपत्रीखाली होती. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी बंद झाल्याची बातमी वाचली आणि मी ठरवलं, आपली चालू करायची.

धुळ्यात एक जुने मिस्तरी आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. सोमवार ते शुक्रवार घरून कोडिंग, शनिवारी सकाळच्या बसने एरंडोल, पारोळा करत धुळे. असे सात महिने गेले. बोअरिंग, नवीन पिस्टन रिंगा, बेअरिंग, सगळी गॅस्केट, सगळी सील. शेवटी गाडी चालवत घरी आणली तेव्हा अंगणात आईने तिला ओवाळलं.

आणि आता हा ठिपका. दुसऱ्या दिवशी बशीएवढा.

मी रात्रभर व्हिडिओ पाहिले. तेल गिअरबॉक्सच्या पुढे, क्लच हाउसिंगच्या तळातून पडत होतं. म्हणजे क्रँकचं मागचं सील. ते बदलायचं तर इंजिन पुन्हा खाली उतरवायचं. मी आबांना फोन केला. "आबा, मागचं सील नीट बसलेलं नाही."

जरा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "लई या गाडी. इंजिन उतारसूत. पैसा नको." आणि फोन ठेवता ठेवता, "पन आधी धुईसन पाह्य, भाऊ. तेल दिसस खाले, येस वरतून."

साठी ओलांडलेला माणूस माझ्या एका वाक्यावर तीन दिवसांचं काम फुकट करायला तयार झाला होता. ते मला नीट पचलं नाही. म्हणून रविवारी मी इंजिन धुवायला घेतलं.

डिझेल आणि जुना टूथब्रश. पुसून, वाळवून प्रत्येक जोडावर अंगाला लावायची पावडर शिंपडली. खाली पुठ्ठा अंथरला आणि इंजिन आयडलवर सोडलं. परदेशात यासाठी तेलात चमकणारा रंग घालून जांभळ्या दिव्याखाली बघतात. पावडरही तेच सांगते. तेल जिथून निघतं तिथे पांढऱ्यावर काळी रेघ उमटते.

वीस मिनिटांत तीन रेघा उमटल्या. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून एक, ती इंजिनच्या पाठीवरून ओघळत थेट क्लच हाउसिंगवर. दुसरी पेट्रोल पंपाच्या बुडाशी. तिसरी डिपस्टिकच्या भोकातून.

सील नव्हतंच. पण तीन नवीन जोड एकाच वेळी कसे फुटतील? ऑफिसात एकमेकांशी संबंध नसलेली तीन मॉड्यूल एकदम पडली, तर आम्ही तिन्ही दुरुस्त करत बसत नाही. त्यांच्या खाली सामाईक काय आहे ते बघतो. इथे सामाईक काय? आतली हवा.

सिलिंडरमधला थोडा गॅस रिंगांच्या बाजूने खाली उतरतोच. रिंगा नव्या असल्या की जरा जास्तच. तो बाहेर जावा म्हणून ब्रीदर पाइप असते. ती तुंबली की आत दाब वाढतो आणि जिथे फट मिळेल तिथून तेल ढकलतो. मी तेल ओतायचं झाकण काढलं, तोंडावर रबरी हातमोजा बसवून वरून दोरा बांधला. मिनिटभरात पाचही बोटं ताठ उभी राहिली.

ब्रीदर पाइप सोडवून फुंकली. हवा जाईना. तारेचा आकडा घातला आणि बनियनचा एक तुकडा बाहेर आला. टोकाला चंदेरी रंग.

तो रंग मी ओळखला. एप्रिलमध्ये ती पाइप मीच घरी आणली होती, रंगवायला. आत रंग जाऊ नये म्हणून बोळा कोंबला आणि विसरलो. कोडमध्ये चूक सापडली की ती ओळ कुणी लिहिली हे आम्ही एका कमांडने बघतो, आणि पुष्कळदा तिथे आपलंच नाव निघतं. पण तिथे आधी फोन करून म्हाताऱ्या माणसाचं मन दुखावलेलं नसतं.

फोनवर सांगणं सोपं होतं. मी पुढच्या शनिवारी गाडी घेऊन धुळ्याला गेलो. नव्वदेक किलोमीटर. पोहोचल्यावर गाडीखाली पुठ्ठा सरकवला, आबांच्या हातात बोळा दिला आणि म्हणालो, "चूक माझी होती."

त्यांनी बोळा उलटसुलट पाहिला. चहा सांगितला. चहा संपेपर्यंत आम्ही दोघं पुठ्ठ्याकडे बघत होतो. तो कोरडा होता. मग ते म्हणाले, "पाइप लावाना आधी मीबी फुकीसन पाह्याले पाह्यजे व्हतं."

तो बोळा आता त्यांच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेला आहे. नवीन पोरगा कामाला लागला की आबा त्याला तो दाखवतात आणि सगळी गोष्ट सांगतात. माझं नाव तेवढं सांगत नाहीत.